लुक्का

एका दिवसाची सहल ती.
सकाळच्या गाडीनं गेले, रात्री परत.
इथं दाजी पेठेत मात्र
आठवा महिना चालूय तिचा.

गावाचं नाव लुक्का.
मला पहिल्यांदा लुच्चा ऐकू आलं,
तेव्हा हसले होते.

पानांचं सूप मांडीवर घेतलं की
समोर स्टूल ओढतात अन् एक तुकडा काढतात.
कोट म्हणजे कसा, आपल्या भुईकोटासारखाच,
पण तटावर रस्ता, रस्त्याला झाडं,
झाडांखालून म्हाताऱ्या बायका सायकलवर,
घंटी वाजवत.
मी म्हणते, पडत नाहीत का ओ?

काल मनोरा सांगितला.
विटांचा, अन् माथ्यावर झाडं,
माणसांनी हौसेनं लावलेली.
वर जायला तिकीट.
मग गप्प झाले जरा.
आपल्या गिरणीच्या चिमणीवर पिंपळ
आपणहून आला होता.

बारा वाजता सगळ्या देवळांच्या घंटा एकदम झाल्या
तर हे उठून उभे,
हात डबा शोधतोय.
भोंगा बंद होऊन तीस वर्षं झाली की.
नरसिंग म्हणाला, नाना, बसा.

हॉटेलात टेबलावरचं कापड उलटं केलं,
काठ बघितला, नखानं धागे मोजले.
पोऱ्या धावत आला, डाग आहे का म्हणून.
डाग नव्हता.
एक बाणा चुकला होता.
हे सांगताना आवाज चढतो यांचा.

मी मान हलवते. हजार पुरे व्हायचे असतात.

मी का नाही गेले
ते मात्र सांगत नाहीत कुणाला.
मुंबईच्या ऑफिसात काचेवर बोटं ठेवली,
दहाच्या दहा. एक ठसा उमटेना.
पोरगी चांगली होती, तिनंच पुसली माझी बोटं,
पुन्हा ठेवा मावशी, म्हणाली.
पुन्हा ठेवली.
चाळीस वर्षं पान वळून वळून
रेघा कुठं गेल्या, मलाही ठाऊक नाही.
काचेखाली हिरवा उजेड नुसता.
पुढची तारीख दिली.
यांचं तिकीट त्याच्या आधीचं.

येताना माझ्यासाठी तटावरचं एक पान आणलं,
पासपोर्टात दाबून.
मी उलटंसुलटं केलं, उजेडाला धरलं,
शीर जाड, वळताना मोडणार.
विडी काही व्हायची नाही याची, म्हटलं.

ओढायला नाही आणलं, म्हणाले.
मग कशाला?

त्याचं सांगायचं राहिलंय अजून.