वीस एमएम

लोबेडवरून उतरली ती रात्री अडीचला,
सातपूरच्या जुन्या पाण्याच्या टाकीपाशी.
चाळीस टन वजन, पायांना साखळ्या,
अंगावर सारूळच्या खाणीची धूळ अजून तशीच.
पूर्वी डोंगर फोडून मशीनपाशी आणायचे,
आता मशीनच जाते दगड असेल तिथे.
आम्हां वडारांना यात नवल ते काय?
आमची पालंही अशीच हिंडली.

रिमोट माझ्या कमरेला.
हिरवं बटण दाबलं की जबडा हलतो,
पिवळं दाबलं की पट्टा.
लाल उगाच दाबायचं नाही,
वाघचौरे साहेबांनी बजावलंय:
मिनिटाचा हिशोब असतो, तायप्पा.

टाकी परवाच पाडली.
पोकलेन तिचे तुकडे उचलून हॉपरात टाकतो,
जबडा चावतो,
सळया चुंबकाला चिकटून बाजूला पडतात,
चाळणी वाटे घालते: कच, सहा, दहा, वीस.
पाण्याचा फवारा चालू, तरी दातांत कुरकुर.
समोरच्या चाळीतली बाई
दोरीवरचे कपडे ओढून काढते,
माझ्याकडे बघत काहीतरी बोलते.
ऐकू येत नाही, पण कळतं.

या टाकीची खडी माझ्या आईनं फोडली.
एकट्या तिनं नाही, नऊ बायका होत्या.
पुढ्यात सायकलच्या टायरची कडी,
कडीत दगड, दगडावर सुतकी.
ब्रासवर पैसे, आणि एक ब्रास भरायला अकरा दिवस.
दगडाला ती रायी म्हणायची,
एमएम हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही.
चिंचोका, सुपारी, लिंबू, ही तिची मापं.
मुकादम ढिगात हात घालायचा,
लिंबू निघालं की म्हणायचा,
फोडा पुन्हा.

आता पट्ट्यावरून सुपाऱ्या वाहत येतात,
तासाला दीडशे टन.

मधेच एक काळा दगड
जाळीत रुतला आणि थरथरत राहिला.
हजारांत एक रुततो, रुतू द्यावा.
मी लाल दाबलं.

वर चढलो, पहारीच्या टोकानं उचकटला.
तीन बाजूंना जुनं सिमेंट,
चौथी उघडी. तिच्यावर दोन घाव:
एक निसटलेला, एक बसलेला.
कुणाचा हात, कसं सांगणार?
नऊ बायका होत्या.

इतकं शांत झालं
की समोरच्या बाईचा आवाज आता पोचला:
"झालं का एकदाचं?"
"नाही मावशी," म्हटलं, "अजून अर्धी टाकी आहे."

वाघचौरे साहेब धावत आले.
काय अडकलं?
लिंबू, मी म्हणालो.
ते वर बघत राहिले, ऊन डोळ्यांवर घेऊन.

खिशात नाही घातला.
हॉपरात टाकला, हिरवं दाबलं.
साहेबांनी वहीत लिहिलं:
बंद चार मिनिटं. कारण, मटेरिअल.