नमुना चौतीस

ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुने तेहतीस.
एकवीस वर्षं काटोल रोडवरच्या या हॉलमध्ये
लांजेवार मॅडमनी ते शिकवले.
पाच म्हणजे रोकडवही, आठ म्हणजे घरांची कर-आकारणी,
तेहतीस म्हणजे झाडं.
झाडांचीही वही असते हे ऐकून
दर तुकडीत कुणीतरी हसायचंच.
मग त्या खिडकीबाहेरच्या करंजीकडे बोट दाखवायच्या:
उद्या ही तुटली, तर विचारणार कुणाला?

चार्ज कसा द्यायचा, हा त्यांचा लाडका तास.
"बदली झालेला ग्रामसेवक टेबलावर किल्ली ठेवतो
आणि एसटी धरतो, याला चार्ज म्हणत नाहीत.
शिक्का, चेकबुक, कोरी पावतीपुस्तकं.
मोजायचं, लिहायचं, खाली दोघांच्या सह्या."

तीस एप्रिलला त्यांनी मला चार्ज दिला.
टेबलावर किल्ली ठेवली.
"कुमरे, डावीकडे फिरव. कुलूप उलटं बसलंय."
बास.
मी यादी मागितली, तर हसल्या:
"तेहतिसात बसत नाही रे."

विश्वस्तांनी शाल दिली, नारळ दिला.
भाषणांत 'पोकळी' चारदा आली.
मॅडम घड्याळ बघत होत्या;
देवलापारच्या बायांची पाचची गाडी चुकली असती.

मे. पारा सेहेचाळीस.
कुलरला नवा खस, बोर्डावर जुनंच नाव;
पेंटर म्हणतो, ऊन उतरू द्या.
बावीस सरपंच. त्यांत तेरा बाया,
आणि नऊ जणींचे नवरे.
आठ जण करंजीखाली थांबले.
नववा पहिल्या रांगेत,
पांढरा सदरा, खिशात बायकोचा शिक्का.
"मॅडम नाहीत का?"
"नाहीत."
"मग बसतो."

मॅडम काय करायच्या, मला पाठ होतं.
"भाऊ, तुमची वेगळी व्यवस्था आहे" म्हणत
मनोहरच्या टपरीपर्यंत स्वतः चालत जायच्या.
मी तेच वाक्य म्हटलं.
दुसऱ्याच्या चपलेसारखं ते फटफट वाजलं.
तो हलला नाही.
मग मी माझं म्हटलं:
"निवडून कोण आलं? तुम्ही?"

कुलर तेवढा घरघरत राहिला.
तो उठला, दारापर्यंत गेला,
परत आला, शिक्का तिच्या बाकावर आपटला, गेला.
कुणीतरी टाळी वाजवली. मला बरं वाटलं.
संध्याकाळी ती त्याच्याच गाडीवर मागे बसून
चाळीस किलोमीटर कुहीकडे जाणार आहे,
हे मला जरा उशिरा सुचलं.

सुगंधा शेंदरे. गट ग्रामपंचायत, गावं दोन.
शिक्क्याकडे बघत बसली.
बाई बोलत नाही तोवर आपण बोलायचं नसतं,
पण म्हणजे किती वेळ, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
कुलरमधलं पाणी संपलं. मी जागचा हललो नाही.
मग ती म्हणाली,
"सही कुठी कराची ते मले मालूम हाय.
कायच्यावर करून रायली, ते सांगा."

पाच नंबरपासून सुरुवात केली.

रात्री मॅडमना फोन. सगळं सांगितलं, टाळीसकट.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: "तिला नको करू फोन. त्याला कर.
उद्या चहाला बोलाव, आणि टपरीपर्यंत तू चालत जा.
मनोहरचे सातशे चाळीस द्यायचेत, तेही लिहून घे."

मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, नमुना चौतीस.
अनुक्रमांक एक: कुलूप उलटं आहे.
दोन: मनोहर, सातशे चाळीस.
तीनपुढे पेन टेकवून
मी त्याचा नंबर लावलाय.
रिंग जातेय.
अजून जातेय.