काटकोनात मुरणारं

लेगेर नदीला ओहोटी लागली की लानियोंच्या धक्क्याशी
होड्या चिखलात कलंडतात,
आणि मी दिव्याखाली तांब्याच्या कड्या तपासत बसतो.
करंगळीच्या नखाहून लहान.
प्रत्येक कडी एका जागी तुटलेली, मुद्दाम.
एका पट्टीवर एकशे चव्वेचाळीस.

तीस वर्षं मी, गुल्वेन ल बिआं,
टेलिफोन एक्स्चेंजचे बोर्ड केले.
कारखाना गेला. आता हे.

कड्या लाटेपुढे इतक्या बारीक
की लाट त्यांना एकेक करून ओळखत नाही,
घोळका समजून शिरते.
त्या घोळक्याचा गुणक उणा येतो.
तांबं उणं नाही, फायबर उणं नाही,
रांगेत उभं केलं की उणं.
(आमच्या युनियनबद्दल मॅनेजर हेच म्हणायचा.)

आझेनोर केर्दोंकुफ कागदावर एक रेघ ओढते.
अलीकडे अधिक, पलीकडे उणे.
बाकी सगळं आयुष्य तिने त्या रेघेवर काढलंय.
"सीमा सरळ असली तर भांडण फक्त उणे एकशी.
काटकोन आला की उणे तीनपासून
उणे एक तृतीयांशपर्यंत सगळा पट्टा नाठाळ."
आणि मी काटकोनच कापून दिला होता,
कानस लावून, अंगठ्याने धार बघून.

फेब्रुवारीभर उत्तर ठरेना.
कॉम्प्युटरवरची जाळी बारीक केली, उत्तर बदललं.
आणखी बारीक केली, पुन्हा बदललं.
इकडे टेबलावर
गेली तेवढी लाट परत येत नव्हती,
पलीकडेही निघत नव्हती.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
आता माझंच उणंदुणं निघणार
म्हणून मी नऊ पट्ट्या नव्याने केल्या, कोणाला न सांगता.
तेच.

एका गुरुवारी ती गॅलेट खाता खाताच आली,
हाताला लोणी.
कोपऱ्याचं चित्र माझ्यासमोर ठेवलं:
टोकाकडे जाताना लाटेच्या वळ्या आखूड होत जातात,
प्रत्येक वळी आधीच्या वळीचा तोच हिस्सा.
"टोकाला कधी पोचते?"
"पोचत नाही."
"मग अडते कुठे?"
"अडतही नाही."

मग तिने अंतराचा लॉगरिदम घेतला
आणि कोपरा उघडला.
गुंडाळलेली चटई लाथेने सोडावी तसा
लांबच लांब बोळ झाला,
त्याला अलीकडे दार, पलीकडे काही नाही.
वळ्या आता सारख्या अंतराने पडलेल्या,
कोणी शांतपणे चालत निघाल्यासारख्या.
माझ्या बोटाच्या पेराएवढ्या तांब्यात
एवढा रस्ता होता!

"समीकरणाला दोन लाटा चालतात," ती म्हणाली,
"एक बोळातून येणारी, एक बोळात जाणारी.
पावलांवर जाऊ नकोस, ती उलटी दिसतात.
ऊर्जा कुठे जाते ते बघ."
आणि तिने खाली एक ओळ लिहिली:
कोपऱ्यातून काही येत नाही.
तेवढ्या अटीवर
जाळी बारीक करा, जाडी करा,
उत्तर जागचं हललं नाही.

मला पटलं, तरी विचारलंच:
"माझं तांबं तर थोडं खातं. तापतं. लाट कुठेतरी संपतेच."
"खातं म्हणून तुझं टेबल चालतं," ती हसली.
"माझ्या कागदावरचं तांबं उपाशी आहे.
त्याच्याकडून उत्तर काढायचं, हे माझं काम."

ती गेल्यावर मी यंत्र बंद केलं,
पट्टी खोबणीतून काढली
आणि टोकावर अंगठा ठेवला.
ऊन लागेल असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.
थंडच होतं.
कानशीचा एक बारीक कीस तेवढा
कातडीत रुतला,
आणि बाहेर भरती यायला लागली होती,
एकेक होडी सरळ होत होती.