कुंभारीण आणि गेद्दल

कुंभारीण माशी एकटी येते.
खानापुरातल्या आमच्या शेडमध्ये, साडेदहाच्या सुमाराला,
मलप्रभेच्या काठची ओली गोळी तोंडात धरून.
मीटरच्या डब्यामागं तिचं गाडगं,
गळा आवळलेला, काठ बाहेर वळवलेला,
चाकाशिवाय.
भरमाण्णा आपलं चाक थांबवून बघत राहतो.
"तीस वर्सं झाली, खरं असला काठ
मला अजून जमंना की गं."

वाळवीला कुणी बघत बसत नाही.
तिच्यातली एक अशी वेगळी काढताच येत नाही.
दिसते ती थुंकीनं भिजवलेली वाट,
भिंतीवरनं फळीकडं, अंधारातनं अंधारात.
सकाळी मी खराट्यानं पाडते,
दुपारच्या चहाला वाट परत जागेवर.
गंगव्वा म्हणते, "गेद्दल हाय बाई ते.
घर पडलेलं त्याला कळत नाही,
भोक तेवढं कळतं."

एकदा मी एक गाडगं फोडून बघितलं होतं.
आत सात हिरव्या अळ्या,
मेलेल्या नव्हत्या, हलतही नव्हत्या,
आणि वर छताला केसाएवढ्या दोऱ्यानं
टांगलेलं एक अंडं.
आई डबा भरून, तोंड लिंपून निघून गेलेली.
लेकरू तिला कधी बघणार नाही.

वाळवीची राणी जागची हलत नाही म्हणे.
लेकरंच तिला भरवतात, चाटतात,
तिच्याभोवती जन्म काढतात.
कुठलं बरं, ते विचारायच्या बेतात होते,
खरं भरमाण्णाचा पोरगा फोंड्याला हॉटेलात असतो,
तीन दिवाळ्या आला नाही.

पणत्यांच्या भट्टीच्या आदल्या रात्री
पोखरलेली फळी खाली आली.
दोनशे पणत्यांचा चुरा.
उरलेलं आम्ही घाईघाईनं रचलं,
एका कुंडीच्या बुडाला काय चिकटलंय
ते कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली.
कुंडीला सुपारीएवढं गाडगं,
लाल, नखानं वाजवलं तर टण्ण.
तोंड लिंपलेलं तसंच.

भरमाण्णानं ते तळहातावर घेतलं.
"पक्कं झालं," म्हणाला,
आणि बराच वेळ चाकाकडं गेला नाही.

शेडच्या भिंतीवर तोवर
वाट चार बोटं वर चढली होती.
मीटरमागं कुणीतरी नवी गोळी थापत होतं.

ते गाडगं माझ्या डब्यात आहे, सुट्ट्या पैशांबरोबर.
हलवलं की आत बारीक काहीतरी वाजतं.