सूत

किशनगंजच्या नाक्यावर घीसालालचं रसाचं दुकान.
चरकाला जुंपलेलं इंजिन मी आधी ऐकलं, मग पाहिलं.
बर्फ नको, हे सांगायचं राहूनच गेलं.
धक्… धक्… दोहोंच्या मध्ये एवढी जागा
की तेवढ्यात कुणी आपलं नाव सांगावं.

नखाने काजळी खरवडली तशी तीन इंग्रजी अक्षरं वर आली.
बापाने महूच्या लष्करी लिलावात घेतलेली, तो म्हणाला,
गाडी होती. सांगाडा मागे आहे,
कोंबड्या बसतात.

बावीस उन्हाळे हे इंजिन धावत होतं
आणि दुकानाच्या पायरीपर्यंतही पोहोचलं नव्हतं.
मी दातांची डॉक्टर. रामबागेत
माझी एक खुर्ची आहे, जमिनीला बोल्ट केलेली.

बदल्यात त्याने दोन हॉर्सपॉवरची मोटर मागितली. मी दिली.
अच्युत म्हणाला, एवढ्यात नवी आली असती.
आली असती.

छावनीतल्या मुनव्वर उस्तादांनी टाकीत नाक घालून हुंगलं,
बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले,
"मॅडम, इसके पास मिलीमीटर मत लाना."
खरंच. दहाचा पाना बसेना, अकराचा नुसता फिरे.
हिचं सगळं सुतात: अडीच सूत, तीन सूत, साडेतीन.
सियागंजात तराजूवर घालून विकतात तसले पाने.
मी किलोने आणले,
आणि सूत जुळायला चौदा महिने लागले.

इंग्रजांचा अंमल गेला, अमल तेवढा राहिला,
मुठीएवढा कार्ब्युरेटर, माशी शिंकली तरी रुसणारा.
त्याच्या जेटचं भोक मी रूट कॅनलच्या सुईने मोकळं केलं.
तीच सुई, तसाच रोखलेला श्वास.
म्हटलं, एवढं बरं की हा पेशंट दुखतंय म्हणत नाही.
"कहता है," उस्ताद चाकाच्या पलीकडून म्हणाले,
"आप सुनती नहीं."

मग ऐकायला शिकले.
पेट्रोल बोटाला लागेपर्यंत टिकलर दाब.
ठिणगीचा खटका मागे घे.
झडप उचल, पाय हळू खाली,
जड लागेल तिथे थांब.
थांब म्हटलं ना.
आता.

एकदा खटका विसरले. किकने उलटा तडाखा दिला,
पोटरी तीन आठवडे जांभळी.
क्लिनिकमध्ये जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं.

हिचे गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या.
तीस वर्षांची सवय
उसवून, उलटी करून, पुन्हा शिवावी लागली.
राजवाड्यामागच्या गर्दीत मी ब्रेक समजून गिअर दाबला
तेव्हा एक शेवपोहेवाला हात जोडून म्हणाला,
"भिया, पहले सीख लो." हेल्मेट काढलं,
तर त्याने आणखी एकदा हात जोडले.

पहिल्या थंडीत जाम गेटला नेली.
पंचेचाळीसच्या वर हँडल थरथरतं,
आरसा विरघळतो, मागचं काही धड दिसत नाही.
वाईट नसतं ते.
घाटात दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा
कठड्यावर तिच्या शेजारी बसले.
निवताना ती टिक् टिक् करते,
आणि खाली निमाड पसरलेला, धुरकट, कुणाचीच घाई नसलेला.
मोबाईलवर चार पेशंटचे निरोप. एकाची कवळी हरवली होती.

परतताना किशनगंज.
घीसालालने मोटर बंद केली, ग्राहक उभं ठेवून बाहेर आला.
गाडीकडे पाहिलंच नाही. मान कलती करून ऐकत राहिला.
त्याचा उजवा हात आपसूक खांद्याएवढा उचलला गेला,
दिसत नसलेलं ऊस
दिसत नसलेल्या चरकात सारू लागला.
"जरा धीमी करो," तो म्हणाला,
"छिलका फँसेगा."

मी मूठ हळूच मागे घेतली.
धक्…
धक्…
मध्ये तेवढीच जागा.

"बर्फ?" त्याने विचारलं.
"नको," मी म्हणाले.