उलटा खिळा

सिबूच्या मासळीबाजारामागे, रेजांग नदीला पाठ करून
छापखाना उभा होता. दैनिकाच्या नावाचा अर्थ
'सकाळची होडी'.
ते निघालं तेव्हा रबराला भाव होता
आणि प्रत्येकाला तो भाव शेजाऱ्याच्या आधी कळायला हवा होता.
पहिल्या दिवशी चारशे प्रती.
साठ भिजल्या, उरलेल्या उधारीवर गेल्या.

माझी आई, याव म्वी-इंग, तिथे खिळे जुळवायची.
सहा हजार खणांच्या भिंतीपुढे उभ्याउभ्या
डावा हात भरत जाई, उजवा चालत राही.
अक्षरं उलटी वाचता वाचता
सुलट वाचायचा तिला कंटाळा येऊ लागला.
भाजीवाल्याची पाटीसुद्धा ती जरा थांबूनच वाचे.

लग्नसराईत 'आनंद' संपायचा.
मग त्याच्या जागी कुठलाही खिळा पालथा घालायची,
कागदावर दोन काळ्या रेघा उमटत
आणि वऱ्हाडी समजून घेत.

सरकारी माणसाने एकदा अख्खी बातमी उपसून काढली.
संपादक लिंग साहेबांनी जागा तशीच ठेवली,
बशीएवढा पांढरा चौकोन.
कॉफीच्या दुकानात लोक तो चौकोन मोठ्यानं वाचत होते,
असं आई सांगते.
आईच्या सांगण्यात थोडी भर असते.

वरच्या गावांना अंक बोटीनं जाई,
कापितच्या धक्क्यावर मास्तर हात पुढे करून उभे.
अठरा हजार प्रती! जपानी यंत्र, त्याला लाल कापड बांधलेलं.
मग संगणक आला. खिळे किलोवर गेले.
आईला निरोपाचा पंखा मिळाला, टेबलावरचा,
तो अजून मान हलवतो.

पुढे पुढे मयतांची पानंच वाढत गेली.
अर्धं पान कुणाचे आजोबा, पाव पान मावशी,
खाली मुलगे, सुना, सिडनीचे नातू.
दर जाहिरातीचे पैसे येत
आणि दर जाहिरातीगणिक एक वर्गणीदार कमी होई.
हिशेबनीस हे दोन वेगळ्या वह्यांत लिहायचा.

शेवटचा अंक मंगळवारी निघाला.
काळ्या चौकटीत वाचकांचे आभार, म्हणे.
बाकी नेहमीचंच: भरतीची वेळ, मिरीचा भाव.
हे मला दुकानदारानं सांगितलं,
मी मलय शाळेत शिकले.
मला एकच अक्षर येतं, माझ्या नावातलं,
मोडीत जायच्या आदल्या दिवशी
आईनं खिशात टाकून आणलेला तेवढा एक खिळा.
म्हणजे तेही उलटंच.

आई म्हणाली, दे इकडे.
चष्मा सापडेना. सापडला.
मग तिनं अंक कपाटाच्या आरशासमोर धरला
आणि भराभर वाचू लागली, न अडखळता.
मी तिच्या खांद्यावरून माझं अक्षर शोधत राहिले.
नव्हतं.
कुणाची तरी स्कूटर हरवली होती,
निळी, डाव्या बाजूला पोचा आलेली.