दुरुस्ती

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून माझं टेबल.
टाइपरायटर विकून घेतलेला लॅपटॉप,
आणि ऊन चढलं की कागद चावणारा प्रिंटर.
बावीस वर्षं झाली,
लोक बोलतात ते मी
कोर्टात चालेल असं करून देतो.

आज आंबेगाव पठारहून कोंढरेबाई आल्या,
सोबत तांबोळी वकील, विधी सेवेच्या.
बाई मला हळूच म्हणाल्या,
"फुकटचा वकील म्हणजे केसही फुकटच जाणार ना?"
मॅडमनी ऐकलं.
"हा हक्क आहे तुमचा, धर्मादाय नाही.
आणि या अर्जाला तिकीटही लागत नाही."
तरी बाईंच्या मुठीतली पन्नासाची नोट
घामाने मऊ होत राहिली.

तारीख?
तारीख नाही आठवत. गुरुवार होता.
लाइट गेलेली, नळ कोरडा,
आणि मी बुधवारी पिंप भरायचं विसरले, म्हणून.
मी टाइप केलं : मार्च महिन्यातील एका गुरुवारी, किरकोळ कारणावरून.

कशाने?
झाऱ्याने. तळण चाललं होतं.
मी टाइप केलं : तप्त धातूच्या वस्तूने.
"झारा लिहा," मॅडम म्हणाल्या,
"न्यायाधीशांच्या घरीही झारा असतो."

ससूनमध्ये काय सांगितलं?
पापड तळताना भाजलं.
कोण होतं बरोबर?
सासूबाई. त्यांनीच सांगितलं. मी मान हलवली.

घर कुणाच्या नावावर?
सासऱ्यांच्या.
"असू दे. नांदलात ना तिथे? मग तिथे राहायचा हक्क मागता येतो."
बाई जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या,
वरून मेट्रो गेली, खालून मृतांची गाडी, दोन्ही रिकाम्या.
"नांदणं म्हणायचं का त्याला?" त्या म्हणाल्या.
हे कुठल्या परिच्छेदात घालायचं
मला कळेना. मी घातलं नाही.

मग म्हणाल्या, "त्याच्या आधी कानाखाली
फक्त एकदाच मारली होती. जास्त नाही."
मी जसंच्या तसं टाइप केलं.
मॅडमचं पेन त्या ओळीवर थांबलं.
"फक्त काढा."
"त्या स्वतःच म्हणाल्या, मॅडम."
"त्यांना तसं म्हणायची सवय लावलीय कुणीतरी.
तुम्ही काढा."

फक्त खोडायला चार टिचक्या लागतात.
आधी त जातो,
मग क ला त्याच्याशी बांधणारी खूण,
मग क,
आणि शेवटी एकटा फ, तोंडात अडकलेल्या हवेसारखा.
तिसऱ्या टिचकीला माझं बोट थांबलं होतं.
मॅडमना वाटलं, लॅपटॉप अडकला.

तीन प्रती काढल्या. पहिली प्रिंटरने चावली.
बाईंनी सही केली, आडनावाशी येऊन थबकल्या,
मग केली पूर्ण.
पन्नासाची नोट टेबलावर ठेवायला लागल्या,
मी म्हटलं, राहू द्या, बसला लागेल.
हा मोठेपणा नव्हता.
मला त्यांच्या हातून काही घेववलं नसतं.

दापोडीत, घरी, कुंदा टीव्ही मोठा लावून बसलेली.
मी नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसतो.
अठरा वर्षं.
डावीकडून हाक मारली तर ती वळत नाही.
डॉक्टरांना सांगितलं होतं,
कान कोरताना काडी आत गेली.
तिने मान हलवली होती.

एकदाच.
आज ते दोन शब्दांचं वाक्य
मला एका शब्दात म्हणता येत होतं, एवढंच शिकलो.

मी डावीकडे बसलो.
काहीतरी बोललो. काय ते मलाही नीट सांगता येणार नाही.
ती टीव्हीच बघत होती.

चावलेली प्रत पिशवीतून घरी आली होती,
तिच्या मागे चिकटून एक कोरा अर्जही.
लाइट बिलाखाली ठेवला, फ्रीजवर.
सकाळी बिल तिथेच होतं.
अर्ज कुणीतरी नीट सरळ करून,
चार घड्या घालून
नेलेला.
कुठे ठेवलास, मी विचारलं नाही.